गळतीचा दाखला

माणसाला डोक्यावर छप्पर लागतं, ही गोष्ट फार जुनी आहे. ते छप्पर कोणीही उठून घालता कामा नये, ही गोष्ट मात्र अलीकडची असून तिचं सगळं श्रेय शासनाला दिलं पाहिजे. पूर्वीच्या अडाणी काळात ज्याला पत्रा ठोकता येई तो पत्रा ठोकायचा, आणि पाऊस पडला की त्याला खरंच ठोकता येतो की नाही हे गावाला कळायचं. ही पद्धत उघडच धोक्याची होती. तिच्यात कागद कुठेच नव्हता, आणि परीक्षा घ्यायचं काम पावसाकडे होतं, जो वेळेवर येत नाही आणि आला तर कुठल्याच रजिस्टरात सही करत नाही. आता ते काम ‘छत व आच्छादन कंत्राटदार पूर्वअर्हता कक्षा’कडे आहे. हा कक्ष अकरा ते पाच उघडा असतो (जेवणाची सुट्टी, चहाची सुट्टी, आणि साहेब मीटिंगला गेले असतील तो वेळ सोडून).

भिवंडीच्या सादिक पत्रेवाल्याला हे सगळं वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कळलं. तोवर त्याची एकशे चौदा छतं घालून झाली होती. नारपोलीतल्या लूमच्या शेड, अंजूरची गोदामं, दोन पिठाच्या गिरण्या, एका मशिदीचा हातपाय धुवायचा वजूखाना आणि एका देवळापुढचा मांडव. या एकशे चौदांपैकी आजवर गळलेली छतं शून्य. दर छतामागे सरासरी काढली तर तीही शून्यच येते. हा दोष पुढे त्याला चांगलाच भोवला.

नारपोलीत पत्रेवाल्याची परीक्षा घ्यायची एक रीत आहे. नवा पत्रा चढला की शेडमालक लूमवरून उतरलेलं कोरं कापड जमिनीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अंथरतो आणि वर टँकरचं पाणी सोडतो. कापडावर रुपयाएवढा जरी डाग पडला तरी पत्रा उतरवून पुन्हा चढवायचा. डाग नाही पडला तर मालक ते कापड पत्रेवाल्याला देऊन टाकतो. सादिकच्या घरात त्यामुळे कापडाला कधी तोटा नव्हता. त्याची बायको सईदा त्याच्या चादरी, पडदे आणि उशांचे अभ्रे शिवायची. पाहुणे आले की ती सांगायची, ‘ही उशी अरशदभाईच्या शेडची, ती चादर अंजूरच्या गोदामाची.’ पाहुणे मान डोलवायचे आणि झोपायचे.

तर अशा माणसाला कागदाची गरज पडायचं कारण दिघाशी गावची स्मशानशेड.

ही शेड पाच वर्षांपूर्वी ‘अ’ वर्ग नोंदणीकृत कंत्राटदार श्री. कुणाल यांनी बांधली. तिचे दोन भाग आहेत. एका भागात चितेचा चौथरा आणि दुसऱ्या भागात मंडळींना बसायला सिमेंटची बाकडी. पावसाळ्यात दोन्ही भागांत सारखंच पाणी येतं. जिवंत आणि मयत असा भेदभाव श्री. कुणाल यांनी कुठेही केलेला नाही, हे त्यांच्या कामाचं वैशिष्ट्य म्हणून नोंदवायला हवं. पाच वर्षांत शेडची अकरा वेळा दुरुस्ती झाली आणि प्रत्येक वेळी काम समाधानकारक झाल्याचा दाखला मिळाला. अकरा वेळा समाधान देणारी दुसरी वास्तू तालुक्यात नाही.

गेल्या आषाढात दिघाशीच्या केसरीनाथकाकांची बायको, कमळकाकी, वारली. पाऊस सकाळपासून लागलेला. चौघांनी चार टोकं धरून चितेवर ताडपत्री ताणली. त्यातलं एक टोक सादिकच्या हातात होतं. लाकडं धुमसायची, पत्र्यातून धार लागायची, पुन्हा रॉकेल, पुन्हा धार. शेवटी ताडपत्री मधोमध वितळली. अकराला सुरू झालेलं काम दिवेलागणीला आटपलं. केसरीनाथकाका दिवसभर बाकड्यावर भिजत बसून होते. सादिकला शरम वाटली. काम त्याचं नव्हतं, तरीही वाटली. एकोणिसाव्या वर्षी त्याने आयुष्यातला पहिला पत्रा ठोकला तो याच काकांच्या गोठ्यावर, आणि तेव्हा कमळकाकी रोज दुपारी शिडीखाली उभी राहून हाक मारायची, ‘सादिक, खाली ये, सुकट-भाकर हाय.’ त्या बाईला आपण कोरडं ठेवू शकलो नाही, हे त्याच्या मनातून जाईना.

तेराव्याला काकांनी त्याला बाजूला घेतलं.

“आता माझा नंबर हाय. त्याची काय तक्रार न्हाय. पन मला ओला जाळू नका. यो पत्रा तू घाल.”

“घालतो काका. पुढच्या पावसाच्या आत,” सादिक म्हणाला. शब्द देऊन बसला.

ग्रामसेवक भला माणूस होता. त्याने समजावून सांगितलं की स्मशानशेड ही सार्वजनिक मालमत्ता असून तिच्या पत्र्याला नोंदणीकृत कंत्राटदाराखेरीज कोणी हात लावला तर गुन्हा आहे. सादिक म्हणाला, मी फुकट करतो. ग्रामसेवकाचा चेहरा पडला. फुकट कामासाठी वेगळी नोंदणी असते, आणि तिला मागच्या तीन वर्षांतल्या फुकट कामांची उलाढाल लेखापरीक्षकाकडून प्रमाणित करून आणावी लागते. त्यापेक्षा पैसे घेऊन काम करणं सोपं, असं त्याने मनापासून सुचवलं.

म्हणून सादिक कक्षात गेला.

अर्ज बावीस पानांचा होता. सोबत जोडायच्या कागदांची यादी सात पानांची, आणि यादी कशी वाचावी याच्या सूचना तीन पानांच्या. मागितलेल्या कागदांत पुढील गोष्टी होत्या: शिडी स्वतःची असल्याचा पुरावा (भाड्याची असल्यास शिडीमालकाचा ना-हरकत दाखला, आणि शिडीमालक मयत असल्यास वारसांचा), उंचीची भीती नसल्याचा वैद्यकीय दाखला (हा देणारे डॉक्टर तळमजल्यावर बसतात, कारण त्यांना वर गेलं की गरगरतं), पत्र्याचा नमुना, पण ए-फोर आकारात, कारण फाइलमध्ये लावायचा आहे, आणि अर्जदार स्वतः ज्या छताखाली राहतो ते छत नोंदणीकृत कंत्राटदाराने घातलेलं असल्याचं प्रमाणपत्र. सादिकच्या घराचं छत सादिकनेच घातलं होतं. म्हणजे इतकी वर्षं तो स्वतःच्याच बेकायदा पत्र्याखाली झोपत होता. त्याने सासऱ्यांच्या घरचा पत्ता दिला. तिथे स्लॅब आहे.

हे सगळं जमवायला सात महिने गेले. सात महिन्यांत एकही नवा पत्रा चढला नाही, पण कागदांची जाडी शिडीच्या पहिल्या पायरीएवढी झाली, त्यामुळे वेळ वाया गेला असं म्हणता येत नाही.

कक्षात अर्ज तपासायला एक मॅडम होत्या. त्यांनी फाइल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली, जे त्या कक्षात पूर्वी कोणी केलं नव्हतं. एकूण गुण शंभर. पास व्हायला साठ. त्यांतले चाळीस फक्त ‘दुरुस्तीचा अनुभव’ या एका सदराला. उरलेल्या साठांपैकी सादिकला चोपन्न मिळाले. सहा गुण फाइलचं कव्हर निळं असल्याबद्दल कापले होते (गुलाबी हवं होतं, आणि एकदा आवक झालेल्या फाइलचं कव्हर बदलता येत नाही).

“काका, दुरुस्तीचा रकाना रिकामा आहे तुमचा,” मॅडम म्हणाल्या.

“दुरुस्ती लागलीच नाय मॅडम.”

“एकपण तक्रार नाही?”

“कोण करणार? गळतच नाय.”

“मग तुम्ही छतं घातलीत हे मी कशावरून समजू?”

या प्रश्नात काही लोकांना विनोद दिसेल, पण त्यामागचा विचार पक्का आहे. छत गळलं की तक्रार होते. तक्रार झाली की पाहणी, पाहणी झाली की दुरुस्ती, दुरुस्ती झाली की समाधानाचा दाखला. जे छत गळतच नाही त्याची तक्रार नाही, पाहणी नाही, दाखला नाही. म्हणजेच ते दप्तरी नाही. दप्तरी नसलेलं छत घातल्याचा अनुभव कोणालाही असू शकत नाही. उलट ज्याने एकच छत पंचवीसदा दुरुस्त केलं, त्याला छतांचा पंचवीसपट अनुभव आहे, हे चौथीच्या गणितालाही पटण्यासारखं आहे. श्री. कुणाल यांच्या नावावर एकसष्ट तक्रारी होत्या आणि त्यांची फाइल आणायला दोन शिपाई लागत.

सादिक घरी आला. सईदाने सगळं ऐकून घेतलं आणि कपाट उघडलं.

“पुरावा पायजे ना त्यांना? हे ने,” ती म्हणाली आणि उशांचे अभ्रे काढायला लागली.

दुसऱ्या दिवशी सादिकने अकरा अभ्रे आणि दोन चादरी मॅडमच्या टेबलावर ठेवल्या आणि कापडाची रीत सांगितली. मॅडमनी एकेक अभ्रा उजेडात धरून पाहिला. दोन्ही बाजूंनी पाहिला. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “काका, पण यावर काहीच नाहीये.”

“तेच तर मॅडम.”

मॅडमचा नाइलाज होता. आवक रजिस्टरात त्यांनी नोंद केली: ‘अभ्रे, नग अकरा, चादरी, नग दोन, सर्व कोरे, मजकूर नाही.’ आणि मजकूर नसलेला कागद जसा परत करतात तसे ते परत केले. पण जाताना त्यांनी त्याला एक वाट सांगितली. एका गळतीला सहा गुण असतात. साठाला सहाच कमी आहेत.

“कुठूनतरी एक गळती आणा, काका. एकच. मी त्याच दिवशी दाखला देते.”

सादिक नारपोलीला अरशदकडे गेला. अरशद लूममालक, चौदा वर्षांपासून सादिकच्या पत्र्याखाली धंदा करतो. सादिकचं मागणं ऐकून तो आधी हसला आणि मग चिडला.

“अरे, चौदा साल में एक बूँद नहीं गिरी. किस मुँह से कंप्लेंट करूँ?”

“दोस्ती म्हणून कर.”

“लोग क्या बोलेंगे? अरशद के शेड में पानी आता है?”

शेवटी दोस्तीपुढे त्याने हात टेकले. तक्रार दाखल झाली आणि कक्षाकडून पाहणीची तारीख आली, शुक्रवारची. शुक्रवारी लूम बंद असतात, त्यामुळे थेंबाचा आवाज ऐकू येतो. नियम असा की वीस मिनिटांत पाव लिटर पाणी बादलीत जमलं तर ती गळती. त्याहून कमी असेल तर तो दमटपणा, आणि दमटपणाला गुण नाहीत.

गुरुवारी दुपारी सादिक ड्रिल घेऊन पत्र्यावर चढला. चौदा वर्षांपूर्वी त्यानेच बसवलेला पत्रा, त्यानेच दिलेला उतार. त्याला वाईट वाटलं. पण काकांनी वैशाखापासून अंथरूण धरलं होतं आणि रोज फोन करून विचारत होते, ‘पत्रा झाला का रं?’ त्याने डोळे मिटले आणि भोक पाडलं. एक, दोन, तीन. करता करता सात भोकं पाडली. काम झाल्यावर कपाळाचा घाम पुसत तो खाली उतरला.

“हो गया?” अरशदने घाबरत विचारलं.

“हो गया.”

शुक्रवारी निरीक्षक सार्थक साहेब आले. सोबत मोजपट्टी मारलेली सरकारी बादली, घड्याळ आणि पंचनाम्याचा कागद. टँकर लागला, पाइप पत्र्यावर गेला, पाणी सुटलं. खाली तिघे बादलीभोवती उभे. पाच मिनिटं गेली. दहा गेली. अरशदला काय वाटलं कोण जाणे, तो हात पसरून दुआ मागायला लागला, आणि काय मागायचं हे न समजून मध्येच थांबला. वीस मिनिटं झाली. बादलीत सरकारी धूळ होती तेवढीच राहिली.

सार्थक साहेबांनी पंचनामा लिहिला: ‘अर्जदाराने गळती निर्माण करण्याचा प्रामाणिक प्रयत्न केल्याचे दिसते. तथापि सदर कौशल्य त्यास अवगत नाही.’

सादिक पुन्हा वर चढला. सात भोकं पाडली होती, आणि सातही भोकांत स्क्रू बसलेले होते. प्रत्येक स्क्रूखाली रबरी वायसर, आणि वरून बोटाने फिरवलेलं सिलिकॉन. एकोणतीस वर्षं ज्या हाताने भोक पाडलं की दुसऱ्याच क्षणी खिशातला स्क्रू लावला, त्या हाताला यावेळी लावायचा नाही हे कोणी सांगितलंच नव्हतं. ते सात स्क्रू कशालाच धरून नव्हते. नुसते भोक बुजवून बसले होते. आयुष्यात पहिल्यांदा सादिकला स्वतःच्या हाताचा राग आला. तो पत्र्यावर बसून राहिला, आणि पाणी सुकून पत्रा पुन्हा तापला आहे हेही त्याला बऱ्याच वेळाने जाणवलं.

पाऊस आता तीन आठवड्यांवर आला होता. सादिक अंजूरला श्री. कुणाल यांच्या ऑफिसात गेला. कुणालशेठ वाईट माणूस नव्हता. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं.

“सादिकभाई, काम तुम्ही करा. नाव माझं लावा. मला त्यातलं काही नको.”

सादिकच्या डोळ्यांत पाणीच आलं. पण कुणालशेठचं बोलणं संपलं नव्हतं.

“पण एक अडचण आहे. तुम्ही घातलंत की ते गळणार नाही. नाही गळलं की तक्रार नाही. आणि तक्रार नाही तर पुढच्या वर्षी नूतनीकरणाला मी काय दाखवू? बावीस माणसं आहेत माझ्याकडे कामाला.”

“थोडं गळेल असं करू का?”

“तुम्हाला जमत नाही ते. पंचनामा वाचलाय मी.”

दुसरा चहा आला. दोघेही अडलेले होते. एकाला गळवता येत नव्हतं आणि दुसऱ्याला थांबवणं परवडत नव्हतं. तिसऱ्या चहाला तोडगा निघाला. चौथऱ्यावरचा पत्रा सादिकचा, बाकड्यांवरचा कुणालशेठच्या माणसांचा. मयत कोरडं राहील, मंडळी भिजतील, आणि मंडळींनाच तक्रार करता येत असल्यामुळे फाइलही जिवंत राहील. इतकी सर्वांच्या सोयीची वाटणी आपल्याकडे भावाभावांतही होत नाही.

सादिकने आठ दिवस काम केलं. धूर जायला वर जागा ठेवली आणि त्या जागेवर आणखी एक टोपी चढवली. काकांची नात क्षितिजा आणि दोन शेजारी त्यांना खुर्चीत बसवून घेऊन आले. ऊन कडक होतं. काकांनी चौथऱ्यावरच्या पत्र्याकडे बराच वेळ मान वर करून पाहिलं.

“बरा हाय,” ते म्हणाले. “आता सुका जाईन.”

मग त्यांनी सादिकचा हात हातात घेतला आणि घरी नेईपर्यंत सोडला नाही, त्यामुळे सादिकला खुर्चीबरोबर वाकून चालावं लागलं.

केसरीनाथकाका श्रावणात गेले. त्या दिवशी दिघाशीत असा पाऊस होता की समोरचं माणूस दिसत नव्हतं. दोनशे माणसं जमली. बाकड्यांवरच्या पत्र्याने आपली जबाबदारी उत्तम पार पाडली. धारा अशा लागल्या की उघड्यावर उभं राहिलेलं बरं वाटावं. चौथऱ्याच्या बाजूला क्षितिजाच्या वडिलांनी अग्नी दिला, तो एका काडीत लागला. ना रॉकेल, ना ताडपत्री. दुपारी तीनच्या आत सगळं व्यवस्थित पार पडलं.

मंडळी संतापली. कोणाचा सदरा भिजला, कोणाचा मोबाइल बंद पडला, कोणाच्या गुडघ्यांनी आधीच दगा दिला होता. “कोणी बांधली ही शेड?” अशी विचारणा सुरू झाली आणि श्री. कुणाल यांचं नाव चितेपासून स्मशानाच्या कमानीपर्यंत दोनशे तोंडांतून गेलं. संध्याकाळपर्यंत त्रेचाळीस सह्यांची तक्रार तयार झाली. कक्षाच्या दप्तरात एका छताविरुद्धची ती एका दिवसातली सर्वांत मोठी नोंद ठरली आणि त्या बळावर श्री. कुणाल यांना ‘विशेष अ’ वर्ग मिळाला. सादिक त्याच मंडळींत, त्याच धारेखाली उभा राहून चौथऱ्याकडे बघत होता आणि रडत होता. शेजारच्या गृहस्थांना वाटलं की पत्र्यातलं पाणी त्याच्या डोळ्यांत गेलं. त्यांनी त्याला रुमाल दिला आणि श्री. कुणाल यांना आणखी एक शिवी दिली. चौथऱ्यावरच्या पत्र्याकडे दोनशेपैकी एकानेही मान वर करून पाहिलं नाही. तिथे बघण्यासारखं काही होतच नव्हतं.

या सगळ्यावरून कक्षाला हसावंसं वाटत असेल तर क्षणभर थांबा. आत्ता हे वाचताना तुमच्या डोक्यावर जे छप्पर आहे, ते घालणाऱ्याचं नाव सांगा. येत नाही. येत असेल तर ते गळत असणार, आणि मग त्या माणसाचं नाव, फोन नंबर आणि खानदान तुम्हाला तोंडपाठ असणार. कक्षाने वेगळं काय केलं? तुमचीच पद्धत छापून घेतली आणि तिला गुण दिले.

तेव्हा कधी दिघाशीला पावसात जायची वेळ आली तर तुम्हीही बाकड्यावर बसाल, मानेवर थेंब पडेल, कंत्राटदाराचं नाव विचाराल आणि तक्रारीवर सही कराल. सादिकच्या पत्र्याखाली बसायला तुम्हाला मिळणार नाही. तिथे जागा मिळायला अर्ज, गुलाबी कव्हर किंवा साठ गुण काहीच लागत नाही, आणि एक दिवस तुम्हीही नक्की पात्र ठराल. पत्रा चांगला आहे हे तेव्हा तुमच्या लक्षात येईल, पण लेखी कळवता येणार नाही, आणि तोंडी अभिप्राय कक्ष स्वीकारत नाही.